फेसाखालचा आवाज

तेमा, ११ फेब्रुवारी १९९८

एफो एलिकेम,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. तुझा पत्ता वोर्नूमामाच्या मुलाने दिला. तो नाताळात आला होता, ब्रेशियाचं जाडजूड जाकीट घालून तेमाच्या उन्हात हिंडत होता. त्याच्याकडून कळलं की तू चामड्याचा कारखाना सोडलास आणि आता पोलादाच्या भट्टीवर आहेस. म्हणून लिहिते आहे. काम आहे.

बाकीचं काही उकरून काढायचं नाही, हे आधीच सांगते. आईला माती द्यायच्या वेळी थोरल्या मुलाने पुढे व्हायचं असतं. तू नव्हतास, मग आत्या या नात्याने तासींनी फावडं माझ्या हातात दिलं. तुझ्याकडे कागद नव्हते, इटलीतून निघालास तर परत शिरता आलं नसतं, हे मला नंतर समजलं. फोफोंना ते समजून घ्यायचं नाही. तुझं नाव घरात काढायचं नाही असं त्यांनी तेव्हा सांगितलं, ते अजून तसंच आहे. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच राहतात. बाप घरातही आणि बाप कामावरही. मी भट्टीची इंजिनियर, ते भट्टीचे पहिले मिस्त्री. घरी मी त्यांची पोर, कामावर मी त्यांची साहेब. कसं चालतं ते विचारू नकोस.

काम असं. आकोसोंबोच्या धरणात पाणी राहिलेलं नाही. घराघरांत वीज पाळीने येते, आणि आमच्या कारखान्याला पूर्वीच्या निम्मी मिळते. ओडार्टेसाहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, सगळ्यांना बोलावून सांगितलं, "या भट्टीला कमी खायला शिकवा. नाहीतर मी तिला उपाशी ठेवतो आणि बाहेरून तयार पोलाद आणून नुसत्या सळया ओढतो." भट्टी बंद म्हणजे भट्टीवरची सगळी माणसं घरी. भट्टीला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे.

मी मोजून पाहिलं. भंगार वितळेपर्यंत फारसं वाया जात नाही. भंगाराचा ढीग विजेच्या ज्योतीला चहूबाजूंनी झाकतो आणि उष्णता त्यातच मुरते. सगळं वितळून सपाट झालं की ज्योत उघडी पडते, मग ती पोलादापेक्षा भिंतींनाच जास्त भाजते. भिंतींच्या आतून फिरणारं पाणी ती उष्णता घेऊन जातं. म्हणजे विकत घेतलेल्या विजेवर आम्ही पाणी तापवतो आहोत. त्यात भट्टीचं दार दिवसभर उघडं. फोफो त्याच्यासमोर उभे असतात.

तुमच्याकडे मळीला, म्हणजे पोलादावर तरंगणाऱ्या गाळाला, फेस आणून ज्योत त्या फेसात बुडवतात आणि दार बंद ठेवतात असं मी वाचलं आहे. वाचलेलं आणि केलेलं यात फरक असतो. तू रोज करतोस. कोळशाची भुकटी कधी सोडता, ऑक्सिजन किती, आणि दार बंद असताना आत फेस आहे की नाही हे कळतं कसं, एवढं लिही.

उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठव. घरच्या नको.

सेफाकोर


तेमा, २९ मार्च १९९८

एफो,

पत्र मिळालं. त्यात भट्टीबद्दल एकच पान आहे. बाकीच्या पानांची पोच दिली असं समज.

त्या एका पानाचा उपयोग झाला. निदान सुरुवात झाली. भुकटी आत फुंकायची नळी इथेच बनवून घेतली. फोफोंनी ती बघितली आणि म्हणाले, "जन्मभर मी पोलादातला कोळसा जाळून बाहेर काढला. आता ही तो परत आत घालणार."

"पोलादात नाही, मळीत."

"मळी काय साबण आहे, फेस यायला?"

पहिल्या दिवशी फेस आला. सगळाच्या सगळा एकदम आला आणि दारातून बाहेर पडून फलाटावर पसरला. फोफोंच्या हाताखाली लाम्प्टे नावाचा गडी आहे, तेमाचाच, गा जमातीचा, चांगला धिप्पाड. त्याच्या बुटाचा तळ जळाला. तो एका पायावर उड्या मारत थेट पाण्याच्या नळापर्यंत गेला. फोफोंनी टोपी काढून मला नमस्कार केला. "वा, मॅडम. दूध उतू गेलं." सगळी पाळी हसली. लाम्प्टेही हसला, बूट हातात घेऊन.

तू लिहिलंस की भुकटी थोडी थोडी आणि लवकर सोडायची. मी एकदम आणि उशिरा सोडली होती. आता सुधारते आहे.

खरी अडचण फेसाची नाही, दाराची आहे. तुम्ही बंद कसं ठेवता हे तू लिहिलंस. पण तुमच्याकडे आपले फोफो नाहीत. मी दार पाडून घेते, ते पुन्हा वर घेतात.

"ही माझी खिडकी आहे," म्हणतात.

"खिडकीतून गार वारा आत जातो, फोफो. आत तापतो आणि छपरातून निघून जातो. तो तापवायला वीज लागते."

"कामावर मला फोफो म्हणू नकोस."

"मग तुम्ही मला मॅडम म्हणू नका."

"मॅडमला मॅडमच म्हणणार. आणि न बघता मी पोलाद शिजवणार नाही. तुझी आई झाकण न काढता अकपलेचं पीठ ढवळायची का?"



तू तब्येतीचं विचारलंस. त्यांची चांगली आहे. माझीही.

सेफाकोर


तेमा, १७ मे १९९८

एफो,

जमलं.

तू लिहिलंस त्याप्रमाणे भुकटी आधीपासून, बारीक धारेने सोडत राहिले. आधी नेहमीचा आवाज होता, कान फाडणारा, छपराचे पत्रे थरथरवणारा. मग तो आवाज कुणीतरी वरून गोधडी टाकावी तसा खाली गेला. नुसती घरघर राहिली. सगळी शेड एकमेकांकडे बघायला लागली. क्रेनवर आमची आकोर्फा असते, तिने वरून भोंग्यातून विचारलं, "भट्टी झोपली की मेली? मला कुणीतरी सांगा, मी चहाला जाते."

मेली नव्हती. पोलादाचा घाणा नेहमीपेक्षा लवकर निघाला. भिंतींतून परत येणाऱ्या पाण्याच्या नळावर मी हात ठेवला. पूर्वी चटका बसायचा, आता हात ठेवून उभं राहता येत होतं. ती उष्णता कुठे गेली हे कुणी विचारायची गरज नव्हती. विजेचा खप उतरला आहे. ओडार्टेसाहेबांनी त्याचा आलेख काढून भिंतीवर लावला आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही दाखवला. तो म्हणाला, "साहेब, हे तर खाली चाललंय. वाईट झालं."

भट्टी चालू राहील असं दिसतं. निदान या वर्षी.

फोफो अजून दार उघडतात. फेस चढला की सगळे मागे सरकतात, आणि हे पुढे होऊन दार हातभर वर घेतात, डोळ्यांवरची निळी काच कपाळावर सारतात आणि तोंड आत घालावं तसे उभे राहतात. "बघतो फक्त," म्हणतात. मी एकदा दंडाला धरून मागे ओढलं तर म्हणाले, "मॅडम, मिस्त्रीला हात लावायचा नाही."

आणखी एक. फेस पुरेसा आहे की अर्धवट, हे आवाजावरून ठरवायचं असं तू लिहिलंस. पण लाम्प्टेची घरघर वेगळी आणि फोफोंची वेगळी. दोघं रोज भांडतात. तुमच्या भट्टीचा आवाज कॅसेटवर भरून पाठवता येईल का? आधी उघड्या ज्योतीचा, मग झाकलेल्या. दोन्ही सलग असावेत.

तू विचारलंस, फोफो तुझ्याबद्दल कधी विचारतात का. नाही.

घरचं म्हणशील तर फोफो हल्ली मासे नको म्हणतात. बेचव झालेत म्हणे. दिले तर बोटांनी चाचपून काटे काढत बसतात, मग कंटाळून ताट सारतात. मी भेंडीचं कालवण जास्त करते.

सेफाकोर


तेमा, २२ जून १९९८

एफो,

कॅसेट पोचली, धड आहे. लाम्प्टेला ऐकवली. त्याचं म्हणणं तोच बरोबर होता.

फोफोंना ऐकवलेली नाही. ते सुट्टीवर गेले आहेत, गावी आन्लोगाला, तासींकडे. विश्रांती हवी होती.

भट्टी ठीक चालू आहे. दार बंद असतं.

सेफाकोर


तेमा, १९ जुलै १९९८

एफो,

"फोफोंनी जन्मात कधी सुट्टी घेतली नाही, तू काय लपवते आहेस?" असं तू लिहिलंस. बरोबर आहे. सुट्टी नाही. सांगते.

जूनच्या सुरुवातीची गोष्ट. दुपारची पाळी होती. पहिलं भंगार वितळलं होतं आणि भंगाराची दुसरी बकेट ओतायची होती. भट्टीचं झाकण बाजूला सरकलं. आकोर्फाने बकेट आणून वर धरली. फोफो कठड्याशी गेले, निळी काच वर केली, आत बघितलं आणि हात उंचावला. ओत.

बकेट हलली नाही. आकोर्फा फोफोंनाही मानाने एफोच म्हणते, मी तुला म्हणते तसं. वरून भोंगा आला, "एफो आग्बेको, दाराशेजारच्या भिंतीवरून पाणी ओघळतंय."

"कुठे?"

"तुमच्या समोर!"

"सावली आहे ती. ओत."

"सावलीला वाफ येते का, एफो? मला इथून तुमच्या टकलाइतकं स्पष्ट दिसतंय!"

कुणी हसलं नाही. मी धावत कठड्याशी गेले. लालभडक भिंतीवर तळहाताएवढ्या रुंदीचा काळा ओघळ होता, त्याला फुसफुस वाफ सुटली होती. खाली पोलाद. फेस यायच्या आधीच्या दिवसांत भाजून भाजून ती भिंत कुठेतरी चिरली असणार. त्या पाण्यावर भंगार पडलं असतं तर ते पाणी खाली दाबलं गेलं असतं. मग काय झालं असतं ते तुला सांगायला नको, तू भट्टीवर काम करतोस. फलाटावर आम्ही बरेचजण होतो.

मी फोफोंकडे बघितलं. त्यांचं तोंड बरोबर त्या ओघळाकडे होतं. डोळे उघडे होते. ते बघत होते आणि त्यांना ते दिसत नव्हतं.

पाणी तोडायला सांगितलं, वीज तोडायला सांगितलं, भट्टीला कुणी हलवायचं नाही म्हणून ओरडले, सगळ्यांना मागे घेतलं. फोफो कठड्याशीच उभे राहिले. लाम्प्टेने त्यांच्या काखेत हात घातला. "मास्टर, चला." ते लहान मुलासारखे त्याच्याबरोबर गेले. पाणी आटेपर्यंत थांबलो. तोवर पोलाद गोठलं, ते कापून काढायला पुढच्या दोन पाळ्या गेल्या. कुणाला खरचटलंही नाही. त्या दिवशी पाळीवर सगळे म्हणत होते की धूर मध्ये आला असेल. फोफोही तेच म्हणाले.

घरी आल्यावर मी विचारलं, "भिंतीवरच्या कॅलेंडरवर कसलं चित्र आहे?"

"मी काय शाळेत आहे?"

"सांगा ना."

त्यांनी डोळे बारीक केले. "होडी," म्हणाले.

"चर्च आहे. आपलंच चर्च."

मग ते खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं. रागावले नाहीत, हेच मला जड गेलं. आई होती तेव्हापासून डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं होतं. आईला माहीत होतं. ती गेल्यावर कुणाला माहीत नव्हतं. मी विचारलं, मग इतकी वर्षं भट्टी चालवलीत कशी? म्हणाले, "गालाला कळतं. दार उघडून समोर उभं राहिलं की धग कुठल्या गालाला लागते, कपाळाला किती, हनुवटीला किती, त्यावरून पोलाद कुठवर आलंय ते कळतं. एकही घाणा वाया गेला का माझा?"

गेला नव्हता. ते खरं आहे. विजेच्या ज्योतीची धग सरळ रेषेत येते, वाटेत हवा असो नसो. ज्या अंगाला लागेल ते अंग तापतं. ते गालांनी वाचत होते. आणि मी फेस आणून, दार बंद करून, नेमकी तीच धग त्यांच्यापर्यंत येऊ देत नव्हते. माझ्या आलेखातली रेघ खाली गेली ती त्यांच्या गालांवरून काढून घेतलेल्या धगीने, असं म्हटलं तरी चालेल. हे मला तेव्हाच सुचलं आणि मी बोलले नाही.

"पण पाणी गालाला कळलं नाही," मी एवढंच म्हणाले.

"नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "ओडार्टेला सांगू नकोस. मी जपून राहीन. लाम्प्टेला शेजारी उभा करीन."

 दुसऱ्या दिवशी ट्रोट्रोच्या गाडीत शेजारी बसलो होतो. कारखान्याच्या वळणावर मी म्हणाले, "फोफो, मी आज साहेबांना सांगणार आहे. माझ्या तोंडून तुम्हाला आधी कळावं म्हणून सांगते."

ते समोर बघत राहिले. "ठीक आहे, मॅडम."

ओडार्टेसाहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी कोठारात काम देऊ केलं, खुर्चीत बसून. फोफोंनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले, सगळ्यांचा निरोप घ्यावा तसा हात केला आणि फाटकातून बाहेर पडले. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा त्यांचं स्वतःचं बसायचं स्टूल जागेवर नव्हतं. आन्लोगाच्या गाडीत बसून गेले होते. शेजारणीला सांगून गेले, "मॅडमना सांगा, किल्ली कुंडीखाली आहे."

आकोर्फा भेटली तेव्हा म्हणाली, "तू बोलली नसतीस तर मी बोलले असते. पण बरं झालं मला बोलावं लागलं नाही." मग म्हणाली, "टकलाचं उगाच बोलले."

जूनमध्ये हे लिहिलं नाही, कारण तू तिकडून काय करणार होतास? हेच कारण.

सेफाकोर


आन्लोगा, ११ ऑक्टोबर १९९८

एफो,

हे पत्र आन्लोगाहून लिहिते आहे, तासींच्या अंगणात बसून. कांद्याचे वाफे भरले आहेत, वारा खारा आहे. ऑगस्टपासून सुट्टीच्या दिवशी इथे येते. फोफो माझ्याशी बोलत नव्हते. पहिल्या दोन खेपांना तर मी आले की स्टूल उचलून समुद्राकडे गेले. तासी म्हणाल्या, "आग्बेको, ती तुझी मुलगी आहे, कर वसूल करायला आलेला शिपाई नाही." ते म्हणाले, "मला माहीत आहे ती कोण आहे. मॅनेजरची माणूस."

तासी मग माझ्यावर घसरल्या. "आणि तू गं? आपल्याच बापाची चहाडी करतात का?"

"करतात," मी म्हणाले. "खाली माणसं उभी असतात तेव्हा करतात."

तासींनी मला आपादमस्तक बघितलं आणि पीठ चाळायला लागल्या. नंतर जेवताना माझ्या ताटात मोठा मासा टाकला. काय समजायचं ते मी समजले.

डोळ्यांचं सांगते. मिशनच्या इस्पितळात डॉक्टर येतात. त्यांनी बघितल्या बघितल्या विचारलं, "भट्टीवर होता की काचेच्या कारखान्यात?" फोफोंनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? डॉक्टर म्हणाले, "तव्यावर अंडं फोडलं की पांढरं कसं होतं? तुमच्या डोळ्यातल्या भिंगाचं तसं झालंय. सोसेल तेवढी धग खाल्ली त्याने." फोफोंनी विचार केला आणि विचारलं, "दार बंद असतं तर?" डॉक्टरांना दार कसलं ते कळलं नाही. मी सांगितलं नाही.

एका डोळ्याचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. दिसतं आहे. अगदी पूर्वीसारखं नाही, पण कांदा आणि लसूण ओळखतात, तासींच्या चेहऱ्यावर सुरकुत्या किती वाढल्या तेही त्यांना सांगून झालं. दुसऱ्याचं नंतर. कामावर मात्र येणार नाहीत. लाम्प्टे आता पहिला मिस्त्री आहे. तो दार उघडत नाही. कान देऊन उभा असतो आणि फेस कमी पडला की आमच्याआधी त्याला कळतं. धरणात पाऊस आला आहे, वीज थोडी वाढवून मिळाली. भट्टी बंद पडत नाही. ओडार्टेसाहेबांनी आलेखाला चौकट करून घेतली आहे.

तुझे कागद होतील असं तू लिहितोस. झाले की लिही. होतील असं लिहू नकोस.

आता कॅसेटचं.

मी ती बरोबर घेऊन आले होते, तासींच्या रेडिओवर लागते. काल जेवण झाल्यावर मी फोफोंना म्हणाले, "लाम्प्टे म्हणतो तोच बरोबर होता. तुम्ही एकदा ऐकून सांगा." कुणाची भट्टी आहे ते सांगितलं नाही. त्यांनी मान हलवली, एवढंच. माझ्याकडे पाठ करून बसले होते.

लावली. आधी उघड्या ज्योतीचा आवाज, तोच कान फाडणारा. तासींनी कानांवर हात ठेवले. मग आवाज उतरत गेला. फोफोंची मान थोडी तिरकी झाली.

"फेस चांगला आहे," म्हणाले. जूनपासून माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "दार बंद आहे यांचं."

"कशावरून?"

"वारा ओढल्याचा आवाज नाही." थोडं ऐकून म्हणाले, "मधला इलेक्ट्रोड जरा वर आहे. पण ठीक. माणसं कामाची आहेत. कुठली भट्टी ही?"

मी काही बोलायच्या आत पुढचा भाग आला. तो मी आधी ऐकला होता, पण त्यांच्यासमोर लागेल याचा विचार केला नव्हता. खरं म्हणजे केला होता. कुणीतरी इटालियनमध्ये ओरडतं, दार आपटल्यासारखं होतं, भट्टीचा आवाज लांब जातो. मग तू बोलतोस. "झालं, सेफा. टेप उरली आहे थोडी. मी बरा आहे. इथे मक्याचं पीठ मिळतं, त्याचं अकपले करतो. पण इथलं पीठ पिवळं असतं. आणि ढवळताना गुठळ्या होतात. आई कसं करायची ते मी कधी बघितलंच नाही." मग तू खोकतोस आणि टेप संपते.

तासी अंगावरच्या कापडाने डोळे पुसायला लागल्या होत्या. फोफो हलले नाहीत. रेडिओत नुसतीच खरखर चालू होती, ती मी बंद केली.

मग फोफो म्हणाले, "गुठळ्या होणारच."

तासी म्हणाल्या, "का?"

"पीठ सरळ उकळत्या पाण्यात टाकत असणार. आधी थोडं गार पाण्यात कालवायचं. मग उकळत्यात सोडायचं, एका हाताने. दुसरा हात थांबवायचा नाही." ते हाताने हवेत ढवळत होते. "ती तसं करायची."

"लिहू का त्याला?" मी विचारलं.

त्यांनी रेडिओकडे बोट केलं. "पुन्हा लाव, मॅडम." अजून मॅडमच म्हणतात.

मी टेप मागे फिरवली, पार सुरुवातीपर्यंत, आणि लावली. भट्टी धडधडायला लागली.

"तिथून नको," ते म्हणाले.

"मग कुठून?"

"पिठापासून."

रेडिओतल्या बॅटऱ्या उतरेपर्यंत ते ऐकत होते. आज सकाळी तासींना दुकानात पाठवून नव्या आणवल्या.

तेव्हा पुढची कॅसेट भरशील ती इथल्या पत्त्यावर पाठव, त्यांच्या नावाने. तिच्यात भट्टीचा आवाज नसला तरी चालेल.

सेफा